तीन अंशांचा बाक

आईच्या दोन्ही पायांची एक लांबलचक एक्स-रे फिल्म माझ्या कारखान्यातल्या ऑफिसात, ड्रॉइंगच्या गुंडाळ्या ठेवतो त्या कपाटात, गेली काही वर्षे उभी आहे. खुब्यापासून घोट्यापर्यंत अख्खा पाय एकाच फिल्मवर येतो, म्हणून दवाखान्यात तिला स्कॅनोग्राम म्हणतात. दोन्ही गुडघ्यांच्या जागी धातू पांढराशुभ्र उमटलेला आहे आणि डॉक्टरांनी मांडीच्या हाडाच्या गोळ्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत प्रत्येक पायावर निळ्या पेन्सिलीने एकेक रेघ ओढलेली आहे. उजव्या पायातली रेघ ओळंबा सोडल्यासारखी गुडघ्याच्या बरोबर मधून जाते. डाव्या पायातली मात्र गुडघ्याच्या मध्याला बगल देऊन, थोडी आतल्या अंगाने खाली उतरते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात बिडाच्या कास्टिंगला बोअर मारत तीस वर्षे काढलेल्या माझ्या डोळ्याला पहिल्या नजरेत उजवा पाय पास वाटतो आणि डावा रीवर्कला पाठवावा असा. आई याच्या नेमके उलट बोलते. “डावा माझा हाय,” ती म्हणते, “उजवा दवाखान्याचा.”

ही तक्रार नव्हे. दोन्ही गुडघे आता दुखत नाहीत आणि दोन्हींवर भार देऊन ती जिना चढते. तरीही तिने सहज केलेला हा भेद माझ्या डोक्यातून जाईना, कारण ज्या गोष्टीवर माझे पोट चालते, म्हणजे एका भागाचा मध्य दुसऱ्या भागाच्या मध्याशी जुळवणे, त्याच गोष्टीविषयी ती बोलत होती आणि तिचा निकाल माझ्या निकालाशी जुळत नव्हता.

आई फेंगडी चालते हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. शिवाजी पेठेतल्या आमच्या बोळातून आक्का येऊ लागली की तिच्या दोन पायांच्या मधून मागचा रस्ता दिसतो, असे मामा चेष्टेने म्हणत. त्यांचे स्वतःचे पायही तसेच आणि आजीचेही तसेच होते. पण हा जन्माचा बाक वेगळा आणि साठीनंतर दर दिवाळीला थोडा थोडा वाढत गेलेला झिजेचा बाक वेगळा. पाय सरळ असलेल्या माणसाच्याही गुडघ्यावरचा सुमारे ६० ते ७० टक्के भार चालताना आतल्या कप्प्यातून जातो. पाय बाकदार असला की हा वाटा आणखी वाढतो, आतली गादी झिजते, गादी झिजली की बाक वाढतो आणि बाक वाढला की उरलेली गादी अधिकच वेगाने झिजते. पट्टा एका बाजूने ओढला जाणाऱ्या मशीनचे बेअरिंग ज्या क्रमाने जाते, त्याच क्रमाने आईचा गुडघा गेला. शेवटच्या दोन वर्षांत हाडावर हाड घासत होते आणि रात्री कूस बदलताना ती जे कण्हत असे, ते माडीवर ऐकू येई.

आमच्याकडे या शस्त्रक्रियेला सगळेजण ‘वाटी बदलली’ असे म्हणतात. गंमत अशी की, गुडघ्याची जी वाटी हाताला लागते ती पुष्कळदा तशीच ठेवतात, किंवा फार तर तिच्या आतल्या बाजूला प्लास्टिकची चकती बसवतात. बदलतात ते हाडांचे घासणारे पृष्ठभाग. मांडीच्या हाडाच्या टोकाचा सुमारे आठ-नऊ मिलिमीटरचा थर कापून तिथे कोबाल्ट-क्रोमियमची टोपी बसवतात, नडगीच्या डोक्यावर धातूची बैठक घालतात आणि दोन्हींच्या मध्ये पॉलिएथिलिनची जाड चकती अडकवतात. धातू हाडाला धरून राहावा म्हणून जे सिमेंट वापरतात ते रसायनाच्या दृष्टीने ॲक्रिलिकच असते आणि दहा-बारा मिनिटांत ते घट्ट होते. डॉक्टरांच्या टेबलावर या भागांचा एक नमुना होता. तो हातात घेतला तेव्हा मी आईच्या आजाराविषयी काही विचारायचे सोडून टोपीच्या आरशासारख्या फिनिशवरून नख फिरवत बसलो, आणि बायकोने टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला.

उजवा गुडघा २०१७ च्या नोव्हेंबरात झाला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली होती. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची कमाल किंमत कर सोडून ५४,७२० रुपये झाली आणि आमच्यासारख्या पुष्कळ घरांत वर्षानुवर्षे पुढे ढकललेला विषय पुन्हा निघाला. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी आई वॉकर धरून उभी राहिली आणि मी तिच्याकडे न बघता तिच्या पायाकडे बघितले. सत्तर वर्षे बाकदार असलेला पाय काठीसारखा सरळ झाला होता. मला अभिमान वाटला, जणू तो भाग मीच मशीनवर चढवला होता. डॉक्टर म्हणाले, “मावशी, आता तुमचा पाय एकदम स्ट्रेट झाला.” आईने मान डोलावली, पण पलंगावर परत बसल्यावर मला हळूच विचारले, “ह्यो पाय लांब झालाय का रं?”

तो लांब वाटत होता याला कारण होते. बाकदार पाय सरळ केला की त्याची उंची थोडी वाढते आणि शेजारचा पाय अजून बाकदार असेल तर फरक जाणवतो. पण मला आता वाटते की ती विचारत होती ते उंचीविषयी नव्हते.

पाय सरळच का करायचा, या प्रश्नाला एक भक्कम इतिहास आहे. आजच्या बहुतेक कृत्रिम गुडघ्यांचा पूर्वज १९७४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जॉन इन्सॉल, पीटर वॉकर आणि आपल्याकडून तिकडे गेलेले चित्तरंजन राणावत यांनी तयार केला. निसर्गतः गुडघ्याच्या सांध्याची पातळी त्या खुबा-घोटा रेषेला अगदी काटकोनात नसते; नडगीचे डोके आतल्या बाजूला सुमारे तीन अंश उतरते असते आणि मांडीच्या हाडाचे टोक तेवढ्याच अंशांनी उलट बाजूला कललेले असते, त्यामुळे दोन्ही चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि पाय सरळ दिसतो. हे दोन कल प्रत्येक रुग्णात हाताने नेमके साधणे त्या काळच्या अवजारांना कठीण होते. तेव्हा दोन्ही हाडे रेषेला काटकोनात कापावीत, म्हणजे चूक कमी होईल आणि प्लास्टिकवर भार दोन्ही बाजूंना सारखा पडेल, हा शहाणपणाचा निर्णय होता. कारखानदार म्हणून मला तो पूर्ण पटतो. जो कोन मोजता येत नाही त्याच्यापेक्षा जो गुण्याने तपासता येतो तो काटकोन बरा.

१९९१ मध्ये ब्रिटनमध्ये ११५ गुडघ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्याने या निर्णयावर शिक्कामोर्तब केले. रेषा गुडघ्याच्या मधल्या पट्ट्यातून, म्हणजे मध्याच्या दोन्ही बाजूंना तीन अंशांच्या आतून गेली असेल, तर सैल झालेल्या सांध्यांचे प्रमाण ३ टक्के निघाले; त्याबाहेर गेली असेल तर २४ टक्के. तेव्हापासून तीन अंश ही जणू ड्रॉइंगवरची टॉलरन्स, म्हणजे चालवून घ्यायच्या चुकीची हद्द, झाली. तीन अंश कानाला किरकोळ वाटतात म्हणून मी एका संध्याकाळी कागदावर हिशोब केला: नडगी ३६ सेंटिमीटर धरली तर तीन अंशांच्या चुकीने तिचे खालचे टोक सुमारे १९ मिलिमीटर सरकते. माझ्या शॉपमध्ये कुणी १९ मिलिमीटर चुकवले तर तो भाग भंगारात जातो आणि ऑपरेटर घरी जातो.

गोष्ट इथेच थांबली असती तर आईचा उजवा पाय हा तिचा शेवटचा शब्द ठरला असता. पण २०१० मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी ३९८ गुडघ्यांचा पंधरा वर्षांचा हिशोब मांडला आणि त्यात तीन अंशांच्या आतले गुडघे बाहेरच्यांपेक्षा जास्त टिकले, असे काही निघाले नाही. दरम्यानच्या काळात प्लास्टिक सुधारले होते, सांध्याचे आकार सुधारले होते आणि जुन्या मालाला न झेपणारा बाक नव्या मालाला झेपत होता. त्यानंतर दोनच वर्षांनी बेल्जियममधून जे आकडे आले ते वाचून मी फिल्म कपाटातून पुन्हा बाहेर काढली. तिथे २० ते २७ वयाच्या, गुडघ्याची कसलीही तक्रार नसलेल्या २५० तरुण-तरुणींचे पाय मोजले होते. त्यांतल्या ३२ टक्के मुलांचे आणि १७ टक्के मुलींचे पाय मुळातच तीन अंश किंवा त्याहून अधिक बाकदार होते. म्हणजे ज्याला आपण चूक म्हणून दुरुस्त करत होतो ते पुष्कळांचे मूळ ड्रॉइंगच होते.

शस्त्रक्रियेत या दुरुस्तीची किंमत कोण देते, हे मला डाव्या गुडघ्याच्या वेळी कळले. तो २०२२ मध्ये झाला, दुसऱ्या डॉक्टरांकडे आणि यांत्रिक हाताच्या मदतीने. हे डॉक्टर वयाने तरुण, बोलायला मोकळे आणि मी कारखानदार आहे म्हटल्यावर माझ्याशी कारखान्याच्या भाषेत बोलणारे. गुडघ्याच्या दोन्ही अंगांना लिगामेंटचे पट्टे असतात, त्यांनी सांगितले. जन्मभर बाकदार असलेल्या पायात आतला पट्टा त्या बाकाच्या मापाने वाढलेला असतो. हाडे काटकोनात कापून पाय सरळ केला की आतली बाजू ताठते आणि बाहेरची सैल पडते, मग ती समान करण्यासाठी आतला पट्टा सोडवावा लागतो, कधी सुईने भोके पाडून ताणावा लागतो. “थोडक्यात, मशीन सरळ बसवण्यासाठी आपण पट्टा बदलतो,” ते म्हणाले. “मावशींच्या डाव्या गुडघ्यात मी पट्ट्याला हात लावणार नाही. झिजेमुळे आलेला बाक काढतो, जन्माचा ठेवतो.” या पद्धतीला कायनेमॅटिक अलाइनमेंट म्हणतात आणि कॅलिफोर्नियातल्या स्टीफन हॉवेल यांनी ती २००६ पासून रुजवली. झिजून गेलेली गादी हिशोबात धरून जेवढ्या जाडीचे हाड आणि गादी काढली, तेवढ्याच जाडीचा धातू परत घालायचा, एवढे तिचे तत्त्व आहे. आमच्या डॉक्टरांनी त्याला स्वतःची एक मर्यादा घातली होती: मूळ बाक फार मोठा असेल तर तो सगळाच्या सगळा परत द्यायचा नाही.

यांत्रिक हाताविषयी आमच्या नातेवाइकांत फार उत्सुकता होती. एका आत्याबाईंनी तर ‘आता डॉक्टर चहा प्यायला जातो म्हणे’ असे विचारले. डॉक्टरांना मी तोच प्रश्न जरा सभ्य शब्दांत केला. ते हसले आणि म्हणाले की करवत त्यांच्याच हातात असते, तो हात फक्त ठरवलेल्या रेषेबाहेर जाऊ देत नाही. रेषा कुठे असावी हे तो ठरवत नाही. मला पुढे काही सांगावे लागले नाही. चुकीचा प्रोग्रॅम भरला तर सीएनसी मशीन अत्यंत अचूकपणे चुकीचा भाग बनवते आणि शंभरच्या शंभर भाग एकसारखे चुकतात. अंशाच्या आत हाड कापता येणे हे कौशल्य आहे. कोणत्या अंशाला कापायचे हा निर्णय आहे.

आता आईच्या वाक्यावरून मी कायनेमॅटिकचा प्रचारक व्हावे, हे सोपे होते आणि काही महिने मी झालोही होतो. उद्यमनगरातल्या चहाच्या टपरीवर मी दोघा-तिघांना फिल्मचा फोटो दाखवून ‘सरळ करून घेऊ नका’ असा सल्ला दिला. नंतर मला त्याची लाज वाटली. रुग्ण चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागून केलेल्या चाचण्या या विषयावर झालेल्या आहेत. अमेरिकेतल्या एका चाचणीत बाक राखलेल्या गटाचे गुण चांगले निघाले, तर न्यूझीलंडमधल्या एका चाचणीत दोन वर्षांनंतर दोन्ही गटांत काहीच फरक दिसला नाही. आणि आईचे दोन गुडघे ही काही चाचणी नव्हे. पहिल्या वेळी ती घाबरलेली होती. घरी व्यायाम शिकवायला येणारा मनुष्य पंधरा दिवसांत दोनदाच आला आणि दुसऱ्यांदा तर मोबाइलवर बोलतच गुडघा वाकवून गेला. त्या गुडघ्याची वाकण्याची पहिली सहा आठवड्यांची मुदत आम्ही जवळजवळ वाया घालवली. दुसऱ्या वेळी तिला सगळे पाठ होते. घोटा वर-खाली करणे, मांडी आवळून दहा आकडे मोजणे, जिना चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना ऑपरेशनचा आधी, हे ती शेजारच्या खाटेवरच्या बाईला शिकवत होती. डावा गुडघा तिला स्वतःचा वाटतो यात तीन अंशांचा वाटा किती आणि धीट झालेल्या आईचा किती, हे वेगळे काढणारे कोणतेही गेज माझ्याकडे नाही. मला एवढेच ठामपणे म्हणावेसे वाटते की फिल्मवरची रेघ मधून गेली म्हणून काम झाले, असे मी २०१७ मध्ये समजलो, ते चूक होते.

काम झाले की नाही हे मोजण्याच्या रीतीही मी नंतर वाचल्या. गुडघा किती वर्षे टिकला, ही सगळ्यांत जुनी रीत. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एका मोठ्या आढाव्यानुसार संपूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के पंचवीस वर्षे टिकतात, आमच्या धंद्यात एवढे आयुष्य असलेला फिरता भाग मला दाखवा. पण इथे ‘टिकला’ याचा अर्थ पुन्हा उघडून बदलावा लागला नाही, एवढाच आहे. जो रुग्ण गुडघा धरून ओट्यावर बसून राहिला आणि परत टेबलावर झोपायला तयार झाला नाही, तोही या हिशोबात यशस्वी धरला जातो. म्हणून दुसरी रीत आली, रुग्णालाच विचारण्याची, आणि २०१० मध्ये कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात विचारले तेव्हा जवळजवळ पाचांतला एक जण समाधानी नव्हता. ८२ टक्के आणि पाचांतला एक, हे दोन आकडे एकाच शस्त्रक्रियेचे आहेत, यावर माझा बराच वेळ विश्वास बसला नाही.

ऑक्सफर्डची एक प्रश्नावली त्यासाठी जगभर वापरतात: बारा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण ४८. एका रविवारी स्वयंपाकघरात भाजी निवडत बसलेल्या आईला मी एकेक प्रश्न मराठीत करून विचारला. दुखते किती, किती वेळ चालता येते, खुर्चीतून उठताना त्रास होतो का, जिना उतरता येतो का, बाजारहाट एकटीने जमते का. सगळे ठीक चालले होते. गुडघे टेकून परत उठता येते का, या प्रश्नावर ती थबकली. “गुडघे कशाला टेकायचे? आपण काय चर्चमध्ये जातो?” मग तिने विचारले, “मांडी घालून बसायचं कुठं लिवलंय त्यात?” ते कुठेही लिहिलेले नव्हते. उकिडवे बसण्याचेही नव्हते. पंगतीत खाली बसता येत नाही, सत्यनारायणाला सगळ्या बायका सतरंजीवर आणि आपण एकटीच प्लास्टिकच्या खुर्चीवर, याचे तिला जे वाटते त्याला त्या ४८ गुणांत जागा नाही. डॉक्टरांनी दोन्ही वेळा मांडी घालू नका असे बजावले होते आणि ती घालत नाही. पण न घालणे आणि न घालण्याचे काहीच न वाटणे यांत अंतर आहे. २०१२ मध्ये आलेली आणखी एक प्रश्नावली मला यापेक्षा आवडली. ती फक्त एवढेच शोधते की अमुक काम करताना तुम्हाला आपल्या सांध्याची आठवण होते का. ज्याचा सांधा विसरला गेला त्याला सर्वाधिक गुण. आईचा डावा गुडघा तिथे पैकीच्या पैकी नसला तरी बराच पुढे आहे. उजव्याची तिला जोतिबाच्या पायऱ्यांवर दर दहा पायऱ्यांनी आठवण होते.

सरळपणाविषयीची माझी उरलीसुरली समजूत मामांच्या खांद्याने मोडली.

मामा पेठेतल्या तालमीचे. ताक, तेल, हळद आणि काव घालून मऊ केलेल्या तांबड्या मातीत त्यांचे तारुण्य गेले; शाहू महाराजांनी १९१२ मध्ये उभारलेल्या खासबागेच्या मैदानात आपल्या तीन कुस्त्या झाल्या, हे ते अजून नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगतात. ढाक हा त्यांचा हुकमी डाव आणि उजवा खांदा ही त्याची किंमत. चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांना उजवा हात कपाळापर्यंत नेता येईना. जेवताना ते डाव्या हाताने उजवे कोपर उचलून घास तोंडाशी नेत आणि कुणी बघितले की घास खाली ठेवत.

खांदा हा गुडघ्यापेक्षा अजब सांधा आहे. गुडघ्यात हाड हाडावर उभे असते. खांद्यात मोठा गोळा एका उथळ बशीला नुसता टेकलेला असतो, त्या गोळ्याचा तिसरा हिस्साही बशीत मावत नाही, आणि त्याला जागेवर धरतात ते चार लहान स्नायूंचे कडे, ज्याला डॉक्टर रोटेटर कफ म्हणतात. वरचा मोठा डेल्टॉइड हात उचलतो खरा, पण हे चार जण गोळा बशीत दाबून धरत असतील तरच. ते फाटले की डेल्टॉइड हाताऐवजी गोळ्यालाच वर खेचतो आणि गोळा खांद्याच्या छपराला जाऊन घासू लागतो. मामांच्या एक्स-रेमध्ये तो तसा छपराला चिकटलेला स्पष्ट दिसत होता. चार्ल्स नीअर या अमेरिकन सर्जनने १९८३ मध्ये या अवस्थेचे सविस्तर वर्णन केले. कृत्रिम खांद्याचा प्रयत्न त्याच्याही फार आधीचा. १८९३ मध्ये पॅरिसमध्ये पेआँ नावाच्या सर्जनने क्षयाने पोखरलेल्या एका खांद्यात प्लॅटिनम आणि रबराचा सांधा घातला होता, जो दोनेक वर्षांनी जंतुसंसर्गामुळे काढावा लागला. नीअरच्या हयातीत धातूचा गोळा आणि प्लास्टिकची बशी हे निसर्गाबरहुकूम केलेले जोड चांगले चालू लागले, पण कफ फाटलेल्या माणसात नव्हे. तिथे वर सरकणारा गोळा बशीच्या एकाच काठावर दाब देई आणि ती बशी लाकडी घोड्यासारखी डुलत डुलत हाडातून सुटे.

१९८५ मध्ये फ्रान्समधल्या दिजाँ शहरात पॉल ग्रामाँ यांनी जे केले ते माझ्या मते या सगळ्या विषयातले सर्वांत धाडसी डोके आहे. त्यांनी सांधा उलटा केला. बशीच्या जागी चेंडू बसवला आणि चेंडूच्या जागी बशी. निसर्गाची कसलीही नक्कल न करता त्यांनी फिरण्याचा मध्य शरीराच्या आत आणि खाली सरकवला, त्यामुळे डेल्टॉइडला तरफेचा दांडा लांब मिळाला. घट्ट नट सोडवायला आपण पान्याला पाइप जोडतो, तेच हे. कफ नसला तरी एकटा डेल्टॉइड हात वर उचलू शकतो, कारण आता चेंडू जागेवर पक्का आहे आणि वर पळून जायला काही उरलेलेच नाही.

इथेही अंश आहेतच आणि ते गुडघ्याइतकेच कडक आहेत. चेंडूची बैठक हाडाच्या खालच्या काठाशी मिळवून बसवावी लागते आणि तिचे तोंड वर वळता कामा नये; वर वळले की हात खाली घेताना प्लास्टिकची कडा खालच्या हाडाला घासून त्यात खाच पाडते. ग्रामाँच्या मूळ रचनेत दंडाच्या हाडाचा दांडा आणि त्याची मान यांच्यातला कोन १५५ अंशांचा होता, तर माणसाचा नैसर्गिक कोन १३५ अंशांच्या आसपास असतो; खाचा कमी पडाव्यात म्हणून अलीकडच्या रचना पुन्हा निसर्गाच्या कोनाकडे झुकल्या आहेत. हात वाजवीपेक्षा लांबवला तर नस ताणते आणि खांद्याच्या छपराच्या हाडाला चीर जाऊ शकते. पण या सगळ्या मापांचा मालक कोण, हे मला महत्त्वाचे वाटले. इथे रेषा निसर्गाच्या नकाशाला बांधलेली नाही आणि भूमितीच्या काटकोनालाही नाही; ती शिल्लक राहिलेल्या एका स्नायूच्या सोयीने आखलेली आहे. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेआधी मामांच्या दंडाच्या बाहेरच्या बाजूला कापसाचा बोळा फिरवून कळते का विचारले, कारण त्या स्नायूची नस शाबूत नसेल तर सगळाच बेत फुकट. मग त्यांनी मामांना हात बाजूला रेटायला सांगितला आणि डेल्टॉइड बोटाने दाबून बघितला. “या वयात एवढा?” ते म्हणाले. मामांनी माझ्याकडे बघितले. जोर-बैठकांचे पन्नास वर्षांपूर्वीचे भांडवल कामी आले, ते असे.

डॉक्टरांनी आणखी एक प्रश्न विचारला, जो मला कोणत्याही छापील प्रश्नावलीत सापडला नव्हता. “पैलवान, धुवायचा हात कोणता?” मामा आधी गडबडले, मग म्हणाले, “डावा.” “मग वाचलात. या ऑपरेशनने हात वर जाईल, मागे फारसा जाणार नाही.”

तसेच झाले. गळ्यातल्या झोळीचे सहा आठवडे आणि नंतरचा व्यायाम संपल्यावर पाचव्या महिन्यात मामांनी उजव्या हाताने स्वतःचा फेटा बांधला. खांद्याचा निकाल मोजायला कॉन्स्टंट यांच्या नावाची शंभर गुणांची रीत आहे: दुखण्याला १५, रोजच्या कामांना २०, हालचालीला ४० आणि ताकदीला २५. हालचालीच्या चाळीसांतले दहा गुण हात पाठीमागे किती वर जातो याचे. मामांचा हात कमरेच्या पट्ट्यापाशी अडतो. खिशातला मागचा रुमाल काढता येत नाही, शर्ट खोचता येत नाही आणि लंगोटाची गाठ मारता येत नाही, जी आता कुणी त्यांना मारायला सांगतही नाही. मी त्यांना गुणांची ही वाटणी समजावून सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली. “लंगोटाला दहाच?” त्यांनी विचारले. फेट्याला किती, हे त्यांनी विचारले नाही.

गेल्या महिन्यात आईला वार्षिक तपासणीसाठी नेले, तेव्हा मामाही रिक्षात बरोबर होते. एक्स-रेच्या खोलीत नवा मुलगा होता. आई पाटावर उभी राहिली तसा तो म्हणाला, “आज्जी, डावा पाय सरळ करा, वाकडा येतोय.” “तो तसाच हाय बाळा,” आई म्हणाली, “काढ तू.” त्याने बाहेर माझ्याकडे बघितले आणि मी मान हलवल्यावर बटण दाबले. डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरून रेघ वगैरे काही ओढली नाही. दोन्ही गुडघ्यांत सिमेंट आणि हाड यांच्या मध्ये काळी फट दिसते का, एवढे त्यांनी भिंगाने बघितले. दिसत नव्हती. प्लास्टिकची जाडी गेल्या वर्षीइतकीच होती. पुढच्या नोव्हेंबरात या, म्हणाले. मामांनी दरवाजा उजव्या हाताने ओढून धरला आणि आई आधी डावा पाय टाकून पायरी उतरली.